कौलारू छपराची कैची उभी करायला शिकायचंय. तिरपी लाकडं खरंच लागतात का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातला. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, सुट्टीला गावी असतो.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. २० फूट रुंद, २८ फूट लांब, सात-सात फुटांवर छप्पर पेलणाऱ्या पाच त्रिकोणी लाकडी कैच्या. भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौलं. यंदा शाकारणीला वर चढलो तेव्हा आढ्याखाली, म्हणजे छपराच्या शेंड्याच्या आडव्या लाकडाखाली, काहीतरी डोळ्याला खटकलं, म्हणून ओळंबा सोडून बघितला. मधल्या कैचीचा उभा खांब सहा फुटांत साडेतीन इंच उत्तरेला कललाय. बाकीच्या चारही त्याच अंगाला कललेल्या, कुठं दोन इंच, कुठं तीन. वाऱ्यानं जोंधळा एका अंगाला झुकावा तशी सगळी रांग झुकलीय.

एका कंत्राटदाराला आणून दाखवलं. त्याचं म्हणणं, "कौलांच्या वजनानंच छप्पर बसून राहतं, तिरपी लाकडं लावायची गरज नसते. खरं हे सगळं काढा आणि स्लॅब घाला." आईनं स्लॅबला साफ नकार दिलाय, मलाही तो नकोय. गावात एकच सुतारमामा उरलेत. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळं ते वर चढत नाहीत, खाली बसून सांगायला तयार आहेत.

मला हे काम स्वतः शिकायचंय. सुरुवात कुठून करू? आणि तिरप्या लाकडांचं खरं काय?

कडोलीचं रताळं
स्लॅबला नकार देणाऱ्या तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आमच्या स्लॅबखाली एप्रिलमध्ये झोपून बघ, मग कौलांची किंमत कळते.

ओळंबा
मी बेळगावात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. कंत्राटदाराचं म्हणणं चुकीचं आहे. चूक कुठं होते ते सांगतो.

कौलांचं वजन छपराला खाली दाबतं हे बरोबर. पण वजन आडवं ढकलणं थांबवत नाही, छप्पर एकदा कललं की तेच वजन त्याला आणखी कलवतं. घरात जुनी बाज असेल तर बघा. पायांची कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, ढिली झाली की रिकामी बाज थोडी डुलते. वर चार माणसं बसली की ती घट्ट होते का? उलट एका अंगाला जाऊन बसते. तुमच्या पाच कैच्यांचं तेच झालंय.

एक कैची तिच्या स्वतःच्या पातळीत पक्की असते, कारण ती त्रिकोण आहे. दोन वासे आणि खालची तुळई. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार बदलत नाही. पण दोन कैच्यांच्या मधे काय असतं? वर आढं, खाली भिंतीवरचं लाकूड. हा झाला चौकोन, आणि चौकोन चारही बाजू शाबूत ठेवून कलतो. त्यात एक तिरपं लाकूड घातलं की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि कलणं थांबतं. रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या पट्ट्या, आडव्या असतात, त्या सगळ्या वाशांना एकत्र बांधतात. तिरपं नसेल तर सगळे वासे एकत्रच कलतात. तुमची रांग एकाच अंगाला गेली ती त्यामुळं.

शिनोळी नाका
बाजेचं उदाहरण एक नंबर. आमच्या आज्जीची बाज आता डोळ्यासमोरून जाईना.

वाकस आणि पटाशी
ओळंबासाहेबांनी बरोबर सांगितलं. मी नंदगडकडचा, चाळीस वर्षं सुतारकाम केलं. आता मुलगा टाइप करून देतोय, मी बोलतोय.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तरुणपणी एका मोठ्या घराचं काम माझ्याकडं होतं, सहा कैच्यांचं. वैशाख महिना. दिवसभरात चार उभ्या केल्या, एकमेकींना दोरीनं बांधल्या आणि जेवायला उतरलो. तिरपे टेकू उद्या मारू म्हटलं. पश्चिमेला आभाळ काळं झालं आणि वळवाचा वारा सुटला. पहिली कैची दुसरीवर गेली, दुसरी तिसरीवर. चारही आडव्या. एक तुळई मधोमध मोडली, दोन वासे चिरले. खाली माणूस नव्हता ही देवाची कृपा. मालकाला नुकसान भरून दिलं, खरं त्या रात्री मला झोप लागली नाही ती पैशासाठी नव्हे. माझी दोन पोरं दुपारभर त्याच कैच्यांखाली खेळत होती.

त्या दिवसापासून माझी रीत ठरली. पहिली कैची उभी राहिली की दोन्ही अंगांनी तिरपे टेकू जमिनीपर्यंत, खाली खुंटी ठोकून पक्के. ती ओळंब्यात आल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. दुसरी उभी केली की पहिलीशी तिरपी फळी मारून जोडायची, मगच तिसरी. पोरानं शिकायचंय म्हणतंय तर हे सगळ्यात आधी शिकावं. लाकूड कापायला नंतर शिकलं तरी चालतंय.

मलप्रभाकाठ
मामा, अंगावर काटा आला वाचून. टेकूंचं वहीत लिहून घेतलं.

तिलारीपार
मी चंदगडचा, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मंडळी रागावू नका, खरं आजच्या काळात लाकडाचा एवढा खटाटोप कशाला? चौकोनी पाइपच्या कैच्या करा, वर तीच कौलं चढवा. वाळवी नाही, कलणं नाही, चार दिवसांत काम. आमच्याकडं आता दहातली नऊ घरं अशीच होतात.

ओळंबा
तिलारीपार, पाइप वाईट नाही. पण पाइपच्या कैच्याही तिरप्या सळ्यांशिवाय अशाच आडव्या जातात. लोखंड वापरलं म्हणून चौकोनाचा त्रिकोण होत नाही. तुमच्या वर्कशॉपमध्ये टोकाच्या गाळ्यात, म्हणजे दोन कैच्यांमधल्या जागेत, क्रॉस ब्रेसिंग म्हणजे तिरप्या सळ्यांची फुली घालता का?

तिलारीपार
शेड असली की घालतो. घराला गिऱ्हाईक सांगत नाही म्हणून घालत नाही. यापुढं घालणार, मुद्दा पटला. आणखी एक माझ्या अनुभवातलं सांगतो. कणकुंबी-आमगावच्या पावसात पाइपच्या आत पाणी धरतं आणि तो आतून गंजतो, बाहेरून रंग चकचकीत. टोकं बंद केली नाहीत तर दहा-बारा वर्षांत पापुद्रे निघतात. म्हणजे लाकडासारखीच त्याचीही निगा राखावी लागते.

हंचिनमने
थोडं अवांतर, खरं शिकणाऱ्याला उपयोगी पडेल. मी बिडीचा, घरी कन्नड, शाळा मराठी. एकाच छपराला आमच्या तालुक्यात दोन भाषांतली नावं आहेत आणि सुतार दोन्ही एका वाक्यात वापरतात. कौल म्हणजे हंचु, तुळई म्हणजे तोले, सुताराला बडगी. ऐनाच्या लाकडाला इकडं कोणी ऐन म्हणत नाही, मत्तीच म्हणतात, मराठी माणूससुद्धा. वखारीत जाऊन "ऐन दाखवा" म्हटलं की तो माणूस आधी गाव विचारतो.

कडोलीचं रताळं
म्हणजे माझं नाव त्याच्याकडं वेगळं असणार. गेणसु ना?

हंचिनमने
बरोबर! सिहि गेणसु. भाजून खा, उकडून खा, भाषा कुठलीही बोला.

काजूबी
मी चंदगड तालुक्यातली, माहेर निपाणीकडं, वेदगंगेच्या काठी. तिरप्या लाकडांबद्दल डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या माहेरच्या वाड्यात छातीएवढं पाणी होतं. मातीच्या भिंतींचा खालचा भाग विरघळून पडला. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तर भिंत नाही आणि छप्पर वर तसंच. आतल्या खांबांवर. प्रत्येक खांबाच्या डोक्याला दोन्ही अंगांना हातभर लांबीचे तिरपे हात होते, खांबातून तुळईत गेलेले, लाकडी खुंट्यांनी बसवलेले. मी लहानपणी त्यांना कंदील अडकवायचे. ते हात शोभेचे नव्हते हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्यांनी काही वर्षांपूर्वी घर मोकळं दिसावं म्हणून तेच हात कापून टाकले होते. त्यांचं छप्पर अंगणात बसलं होतं.

ओळंबा
काजूबीताई, हे फार मोलाचं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातल्या खणांच्या, म्हणजे आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असलेल्या, घरांबाबत हेच दिसलं. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, पण बऱ्याच ठिकाणी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. घरं पक्की करायच्या सूचनांमध्ये खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे हात घालायला सांगितलं गेलं. आपल्या जुन्या सुतारांना ते आधीपासून ठाऊक होतं.

मलप्रभाकाठ
आमच्या घरात असे हात नाहीत. गावातल्या सुतारमामांना विचारलं, तर ते म्हणाले की पूर्वी ओसरीच्या खांबांना होते, नंतर ओसरी बंद करून खोली केली तेव्हा काढले. साल वडिलांना आठवत नाही. कलायला सुरुवात तेव्हाच झाली असावी.

आता दुसरा प्रश्न. कैचीच्या मधला उभा खांब तुळईवर नीट टेकलेला नाही, खाली कागद सरकेल एवढी फट आहे. ती पाचरीनं भरू का?

वाकस आणि पटाशी
भरून घे. आढ्याचं सगळं वजन त्या खांबावर येतंय. खांब तुळईत कुसू घालून घट्ट बसलेला पाहिजे, लोंबकळता नको.

ओळंबा
मामांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, थांबा, पाचर मारू नका. आधी एक बघा. खांबाच्या खालच्या टोकाला लोखंडी पट्टी आहे का, तुळईच्या पोटाखालून यू आकारात गेलेली? आणि वासे वर खांबाच्या डोक्यात खाच करून बसवलेत का?

मलप्रभाकाठ
हो. पट्टी आहे, दोन बोल्टसकट. आणि वासे वर खांबाच्या रुंद डोक्यात घुसलेत.

ओळंबा
मग तुमची कैची टांगती आहे. तिच्यात खांब तुळईवर उभा नसतो. दोन्ही वासे वर एकमेकांवर रेलून त्याला डोक्याशी पकडतात, तो खाली लोंबतो आणि पट्टीनं तुळईला मधोमध उचलून धरतो. २० फुटांची तुळई स्वतःच्या वजनानं आणि माळ्यावरच्या सामानानं मधे झुकू नये म्हणून ही योजना. खाली बारीक फट मुद्दाम ठेवतात. पाचर मारली की खांब तुळईला खाली दाबायला लागेल, म्हणजे नेमकं उलटं काम. ब्रिटिश काळातल्या सरकारी इमारतींत आणि रेल्वेच्या गोदामांत या कैच्या भरपूर आहेत. लोंढा जंक्शनकडच्या सुतारांनी तिथंच बघून उचलल्या असाव्यात.

वाकस आणि पटाशी
साहेबांचं बरोबर आहे. पट्टीचं मला माहीत नव्हतं म्हणून तसं बोललो. मी केलेल्या बहुतेक घरांत खांब तुळईवर उभा असायचा, आढं त्याच्या डोक्यावर. ती आमची जुनी रीत. तिला तुळई जाड लागते, नऊ-दहा इंच तरी, कारण सगळा भार तिच्या कमरेवर. पोरा, दोन्ही तऱ्हा असतात. आपल्या घरात कुठली आहे हे ओळखल्याशिवाय पाचर, खिळा, काही मारू नको.

शिनोळी नाका
या एका उत्तरासाठी हा धागा जपून ठेवतोय. आमच्या चुलत्यांनी मागच्या वर्षी अशीच पाचर मारलीय. आज रात्रीच फोन करतो.

चोर्लाघाट
लाकूड कुठलं वापरणार? त्यावर कोणी बोललंच नाही.

कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या परड्यातलं झाड असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. माड, निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा मोजक्या झाडांना सूट आहे. सागवान, मत्ती, किंदळ यांना अजिबात नाही. चंदगडकडून लाकूड आणायचं म्हटलं तर वाहतुकीचा पास बघावा लागतो. दांडेलीच्या डेपोत वनखात्याचा लिलाव होतो, तिथून पावतीचं लाकूड घेणं सगळ्यात निर्धास्त. नाहीतर जुन्या घरांचं उतरवलेलं लाकूड घ्या.

काजूबी
जुनं लाकूडच घ्यावं असं माझं मत. पन्नास वर्षं वाळलेलं असतं. नवं ओलं लाकूड छपराला चढवलं की ते वर वाळतं आणि आडव्या दिशेनं आटतं. लांबी तेवढीच राहते, जाडी कमी होते. मग बोल्ट ढिले होतात, कुसू खाचेत खुळखुळतं.

वाळवीसाठी आम्ही भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावतो. चंदगड-बेळगावात काजूचे कारखाने भरपूर, तिथं मिळतं. खरं हातमोजे घालूनच लावा. कातडी भाजते, आठवडाभर काळी पडते. माझ्या भावाच्या बोटांची सालं निघाली होती.

कडोलीचं रताळं
अमावास्येच्या आसपास तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही म्हणतात, ते खरं का?

वाकस आणि पटाशी
आमच्या वडिलांनी सांगितलं, आम्ही पाळलं. पौर्णिमेला तोडलेलं लाकूड मी कधी घेतलं नाही.

ओळंबा
चंद्राबद्दल मी भांडणार नाही. कीड लाकडाच्या बाहेरच्या पांढुरक्या भागातल्या पिठूळ अंशाकडं येते, हे नक्की. म्हणून तो भाग तासून काढायचा, आतला गर्द रंगाचा गाभा ठेवायचा. ओंडके तळ्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत होती, तीही त्याचसाठी. पाण्यात तो अंश विरघळून जातो.

हंचिनमने
आमच्या तळ्यात लहानपणी असे ओंडके असायचे. त्यांच्यावर उभं राहून पोहायला शिकलो. घरी मार बसायचा, कारण अंगाला कुजकट वास यायचा.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. गावातल्या सुतारमामांकडं तीन रविवार बसलो. पहिल्या दिवशी त्यांनी करवतसुद्धा हातात दिली नाही. अंगणात दोरी ताणायला लावली. तीन फूट, चार फूट, तिरपं पाच फूट आलं की कोपरा काटकोनात. वीसेक वेळा करून घेतलं. मग मातीत खडूनं अर्धी कैची खऱ्या मापात काढायला लावली.

लेथवर शंभरावा भाग मोजायची सवय आहे, त्यामुळं हिशोबाला मजा आली. अर्धी रुंदी १० फूट, उंची ६ फूट. वासा भिंतीपर्यंत ११ फूट ८ इंच येतो. वळचण अडीच फूट बाहेर, ती उतारावर मोजली की २ फूट ११ इंच. एकूण १४ फूट ७ इंच. मामांनी काहीही न लिहिता दोरीनं मोजलं, तेही तेवढंच आलं.

ओळंबा
उतार साधारण ३१ अंशांचा आला. मंगळुरी कौलांना आपल्या पावसात हा चांगला. याहून चपटं केलं की वाऱ्याबरोबर पाणी कौलाच्या सांध्यातून मागं चढतं.

वजनही काढून ठेवा. दोन्ही पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, मिळून तुमचं क्षेत्र साधारण ८० चौरस मीटर. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर १२०० कौलं. एक कौल अडीच किलोचं धरलं तरी तीन टन. पावसात कौल पाणी पितं, ते वेगळं. म्हणून कौलं उतरवताना आणि चढवताना दोन्ही पाख्यांवर सारखी ठेवत जा, चार ओळी इकडं, चार तिकडं. एकच पाखं भरून दुसरं रिकामं ठेवलं तर छप्पर कलतं.

कडोलीचं रताळं
ही कौलं मंगळुरी कशी झाली? खानापूरला तर भट्ट्या आहेत.

हंचिनमने
१८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात यांत्रिक कौलांचा पहिला कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती. नाव तिथून पडलं आणि पुढं कुठंही केलं तरी तेच राहिलं. खानापूरची माती कौल-विटांना उत्तम. कुंभारकामाचं केंद्रीय प्रशिक्षण केंद्रही खानापुरात आहे ते त्याच मातीमुळं. मंगळुरी कौलं यायच्या आधी इकडं चाकावरची नळीची कौलं असायची. माकडं आली की अर्धी खाली.

मलप्रभाकाठ
मामांनी घराला हात लावू दिला नाही. म्हणाले, आधी गुरांचा गोठा कर. १२ फूट रुंद, १६ फूट लांब, तीन कैच्या. गावातल्या एका पडक्या घराचं मत्तीचं लाकूड मिळालं, पावतीसकट.

तुळई आणि वासा जिथं मिळतात ती खाच करायला मला दोन दिवस लागले. मामांनी पहिली खाच बघून तुळई बाजूला टाकायला सांगितली. मी खाच टोकाच्या अगदी जवळ घेतली होती, पुढं चारच बोटं लाकूड उरलेलं. वासा बाहेर ढकलतो तो जोर त्याच चार बोटांवर येतो आणि लाकूड रेषेत चिरून निघतं. पुढं वीतभर तरी सुटलं पाहिजे. मामांनी हातोड्यानं एक ठोका मारून ते चार बोटांचं लाकूड माझ्यासमोर उडवून दाखवलं. किती सहज निघालं!

आणखी एक. वासा ७ फूट आणि वळचण उतारावर पावणेदोन फूट धरली होती, म्हणजे १०५ इंच. कौलाची ओळ साडेबारा इंचांवर येते. आठ ओळी होऊन पाच इंच उरले. मी म्हटलं शेवटची ओळ कापून बसवतो. मामा म्हणाले, "कौल कापायचं नाही, वासा कापायचा." वळचण पाच इंचांनी आत घेतली, आठ ओळी पूर्ण बसल्या. रिपा मारायच्या आधी खरी कौलं जमिनीवर मांडूनच माप घ्यायचं, टेपवर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक भट्टीचं कौल थोडं वेगळं असतं.

वाकस आणि पटाशी
तुझे सुतारमामा अस्सल आहेत. त्यांना माझा रामराम सांग. मत्तीला खिळा मारायच्या आधी गिरमिटानं भोक पाडतोस ना? नाहीतर टोकाला चिरतंय.

मलप्रभाकाठ
पाडतो मामा. पहिले चार खिळे वाकवल्यावर शिकलो.

तिलारीपार
आणि तिरपी?

मलप्रभाकाठ
घातली. दोन्ही टोकांच्या गाळ्यात, दोन्ही पाख्यांना, वाशांच्या पोटाखालून. एकीचं डोकं डावीकडं, दुसरीचं उजवीकडं, म्हणजे वारा कुठूनही आला तरी एक तरी ताणली जाते. शिवाय कैच्यांच्या उभ्या खांबांमध्ये एक फुली. आणि खाली गोठ्याच्या खांबांच्या डोक्याला काजूबीताईंच्या माहेरासारखे तिरपे हात, लाकडी खुंट्यांचे. आढं चढवलं त्या दिवशी आईनं त्याला नारळ, आंब्याची डहाळी आणि हिरवा खण बांधला. मामा खाली खुर्चीवर बसून बघत होते.

वळवाचा पहिला वारा परवा आला. मी गोठ्यात ओळंबा सोडूनच बसलो होतो. खांबाला पेन्सिलीनं खूण केली होती, दोरी खुणेवरून हलली नाही. म्हैस मात्र माझ्याकडं संशयानं बघत होती.

काजूबी
वाचून डोळे भरून आले रे. आईंचा खण बांधताना फोटो काढायला हवा होता.

मलप्रभाकाठ
ताई, आईनं काढू दिला नाही. आता मोठ्या घराचं विचारतो. कललेल्या पाच कैच्या परत सरळ कशा करू?

ओळंबा
पावसाळा संपल्यावर करा, आता घाईत नको. तोवर आतून दोन गाळ्यांत तात्पुरत्या तिरप्या फळ्या मारून ठेवा म्हणजे आणखी कलणार नाही. दिवाळीनंतर कौलं दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवा. रिपा दोन-तीन ठिकाणी सोडवा, नाहीतर त्या छपराला कललेल्या आकारात धरून ठेवतील. मग चेन ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, आढ्यापासून दक्षिणेच्या पक्क्या खुंटीला ओढा, दिवसाला अर्ध्या इंचाहून जास्त नाही. रोज भिंतींवर तडे बघा. ओळंब्यात आलं की त्याच दिवशी कायमची तिरपी लाकडं बोल्टनं बसवा, रात्र जाऊ देऊ नका. ओढायच्या आधी मी येऊन भिंती बघतो, फी नको.

तिलारीपार
चेन ब्लॉक माझ्याकडं दोन टनाचा आहे. दिवाळीनंतर घेऊन येतो. बोल्ट, वॉशर, पट्ट्या माझ्याकडून. वॉशर मोठे घेऊ, रुपयाएवढे नकोत, लाकडात रुततात.

शिनोळी नाका
मी माणसं आणतो, कौलं उतरवायला. चुलते पण येतो म्हणालेत, पाचर काढली त्यांनी.

कडोलीचं रताळं
कुंदा माझ्याकडं. दोन किलो.

वाकस आणि पटाशी
मला वर चढता येत नाही, खरं तुझ्या मामांच्या शेजारी एक खुर्ची टाक. आणि गोठ्याचे बोल्ट पाऊस संपला की एकदा आवळ, परत पुढच्या उन्हाळ्यात एकदा. जुनं लाकूड असलं तरी पहिल्या वर्षी थोडं आटतंच. १९ चा पाना लागेल.